विरोधात एक

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते मतदानाचं. सिंगापुरात तोआ पायोहला आमच्या बिल्डिंगजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांत, चहाच्या टेबलावर. ठराव होता, चहात साखर घालावी. मी बाजूनं, बेलाबुवा बाजूनं, आमची शालन विरोधात. त्याच दुपारी ती झोपली, ती उठलीच नाही.

बेलाबुवा आमचे शेजारी. मूळचे हंगेरीचे. लेकीनं इथल्या चिनी माणसाशी लग्न केलं, तिच्याकडं राहतात. तिकडं कम्युनिस्टांचं राज्य होतं तेव्हा उपमंत्री होते म्हणे. मी चौथी शिकलेला, तुआसच्या गोदीत जहाजांचं वेल्डिंग करण्यात जन्म गेला. मला कुठलं राजकारण कळतंय? पण हा माणूस मत घेतल्याशिवाय जागचा हलत नाही, एवढं कळलं. लिफ्टनं जायचं की जिन्यानं, मत. पंख्याखाली बसायचं की बाहेर, मत. "बाजूनं? विरोधात? तटस्थ?" मग टेबलावर चमचा आपटणार, "एकमतानं मंजूर, कॉम्रेड!" इंग्रजी त्यांचं मोडकं, माझं त्याहून मोडकं. निभत होतं.

डोळे मिटून जुनं सांगायचे. ट्रॅक्टरच्या कारखान्यात फिटर होते. हात वर केला, तरुणांचे पुढारी झाले. पुन्हा केला, जिल्ह्याचे चिटणीस. असं करत करत मंत्रालयात. "बाहेर बर्फ पडतोय, आत मोठा हॉल, आणि सगळे हात एकदम वर..." मला आपलं वाऱ्यावर डुलणारं जोंधळ्याचं रान दिसायचं. चहाची वाफ वर जायची, डोक्यावर पंखा फिरायचा, आणि इथल्या उकाड्यात अंगावर थंडीचा काटा यायचा. मग एके दिवशी ते राज्यच गेलं. हॉल रिकामा.

"विरोधात कुणीच नसायचं?" शालननं विचारलं.

"कधीच नाही, मादाम."

"मग एवढ्या थंडीत माणसं गोळा कशाला करायची? घरीच झोपू द्यायचं." आणि साखरेच्या ठरावाला तिचा हात वर. "विरोधात! ह्यांना डायबेटिस आहे. आणि तुमचं पोट बघा जरा."

बुवा इतके हसले की चहा नाकात गेला. तेव्हापासून ती आल्याशिवाय सभा सुरू होईना. साखर रोज दोन विरुद्ध एक मतानं मंजूर व्हायची. चहा रोज बिनसाखरेचा यायचा, कारण आणायची तीच.

दिवसवार आटोपले. बुवा टोपी हातात घेऊन घरी आले. मी तोंडावरच सांगितलं, "उद्यापासून मी खाली येणार नाही. इथंच बसून मरणार."

"ठराव मांडता?"

"मांडला."

"बाजूनं?"

मी हात वर केला.

"विरोधात?"

बुवांनी स्वतःचा हात वर केला. "पहिल्यांदाच करतोय," म्हणाले. मग शालनच्या खुर्चीकडं वळले. "मादाम?"

बाहेर कुठंतरी बस थांबली, गेली.

"दोन विरुद्ध एक. नामंजूर."

हात खाली घ्यायचं मात्र विसरले. मीच धरून खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. चहावाल्याला म्हणालो, "दोन चहा, कोसोंग." म्हणजे बिनसाखरेचे. बुवांनी पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं. पण मत मागितलं नाही.