गवत गटातले पाडस

एका जंगलात एक दवाखाना होता. नुसता दवाखाना नव्हे बाळांनो, वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना. म्हणजे तिथे कोणी आजारी प्राणी गेला की आधी त्याच्याभोवती पंधरा-वीस विद्यार्थी जमत. मग त्याची जीभ सगळ्यांना दाखवली जाई. मग तिच्यावर चर्चा होई. आणि मग कोणाच्या लक्षात राहिले तर त्याला औषधही दिले जाई.

असे दवाखाने फक्त जंगलात असतात. आईबाबांना विचारत बसू नका.

या दवाखान्यात सायाळबाई नावाच्या डॉक्टर होत्या. अंगावर काटे, पण हात मऊ. कोणाच्या पोटात काय अडले, कोणाचे हाड कुठे सरकले, हे त्या नुसते बघून ओळखत. हत्तीसुद्धा त्यांच्यापुढे पाय उचलून निमूट उभा राही. रोगी खूश, रोग्यांचे नातेवाईक खूश. बाईंना स्वतःला तर रोगी बघण्यापलीकडे दुसरे काही सुचतच नसे.

पण त्या जंगलात एक रिवाज होता. जो ज्या कामात हुशार, त्याला त्या कामातून उचलून वर बसवायचे. रिवाजाप्रमाणे सिंहमहाराजांनी सायाळबाईंचा सत्कार केला. गळ्यात हार घातला, तो काट्यांत अडकून फाटला. मग महाराजांनी त्यांना संशोधन अनुदान विभागाच्या संचालिका केले. एका उंच खडकावर त्यांची बसायची जागा झाली. रोगी खाली राहिले.

आता अनुदान म्हणजे काय ते सांगतो. महाराज दरवर्षी मधाची काही पोळी विद्वानांसाठी बाजूला काढून ठेवत. ज्याला काही नवे शोधायचे असेल त्याने अर्ज करायचा. समितीने तो वाचायचा. पटला तर मध द्यायचा. मध कोणाला द्यायचा, केव्हा द्यायचा आणि मुख्य म्हणजे का द्यायचा नाही, हे सगळे बघणे हे सायाळबाईंचे काम.

समितीत दोघे होते. एक बिबटेसर. हरणांच्या पायांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता, म्हणून ते पायांच्या रोगांचे तज्ज्ञ. दुसऱ्या मगरताई. त्या अर्जातली नीती तपासत, कारण रोग्यांसाठी सगळ्या जंगलात सर्वांत जास्त अश्रू त्याच ढाळत. यांची निवड कोणी केली, असे तुम्ही विचाराल. दुसऱ्या एका समितीने केली.

त्या वर्षी पाडसांच्या खुरांना रोग लागला. खूर सुजायचे, चिघळायचे आणि पाडस लंगडायचे. तुमचा पाय सुजला तर शाळा बुडते आणि तुम्हाला मजा वाटते. पाडसाचे तसे नसते. त्याला पळता आले नाही की सगळेच संपते.

दवाखान्यात मुंगुसराव नावाचे एक तरुण प्राध्यापक होते. हुशार, तापट, आणि आपण हुशार आहोत हे समोरच्याला कळेपर्यंत सांगणारे. नदीपलीकडच्या कड्यावर एक झुडूप उगवते. त्याचा पाला चावून मुंगुसरावांनी दोन पाडसांच्या खुरांना बांधला, आणि दोन्ही पाडसे बरी झाली. मुंगुसराव शेपूट फुगवून सायाळबाईंकडे आले. पाला कड्यावर असतो, तो काढायला माकडे लागतात आणि माकडे मधाशिवाय हलत नाहीत, तेव्हा थोडा मध द्या, असे त्यांचे म्हणणे होते.

बाईंना खरोखर आनंद झाला. त्यांनी अर्ज लगेच समितीपुढे ठेवला.

बिबटेसरांनी तो लक्षपूर्वक वाचला. म्हणाले, दोन पाडसांवरून काही सिद्ध होत नाही. आधी सिद्ध करून आणा, मग सिद्ध करण्यासाठी मध देऊ.

मुंगुसराव चरफडत गेले. बायकोला घेऊन स्वतः कड्यावर चढले. उतरताना दोघेही सोलवटून निघाले. पण त्यांनी एक अख्खा कळप बरा केला आणि नवा अर्ज घेऊन ते परत आले. समितीने तोही वाचला. मगरताईंनी डोळे पुसले. बिबटेसर म्हणाले, हे तर आता सिद्धच झाले आहे, यात शोधण्यासारखे राहिले काय? जे माहीत आहे त्याला अनुदान देणे म्हणजे महाराजांच्या मधाची उधळपट्टी.

"मग मी करू तरी काय?" मुंगुसराव म्हणाले. "पहिल्यांदा आलो तर म्हणे लवकर आलो. आता आलो तर म्हणे उशीर झाला. मधे कुठल्या दिवशी यायचं होतं, तेवढं तरी सांगा."

समितीने हा प्रश्न विषयपत्रिकेत नसल्याचे सांगितले.

अशा वेळी वाट काढते ती खरी संचालिका. सायाळबाईंनी मुंगुसरावांना बाजूला घेतले आणि समजावले की बरे करायचे आहे असे अर्जात लिहू नये, समिती बिचकते. अभ्यास करायचा आहे असे लिहावे. दोघांनी बसून अर्जाचे नाव बदलले. नवे नाव होते, 'लंगड्या पाडसांच्या चालीचा तौलनिक अभ्यास'. निम्म्या पाडसांना पाला बांधायचा आणि निम्म्यांना साधे गवत. तीन पावसाळे कोण कसे चालते ते बघायचे. तुलना पूर्ण होईपर्यंत पाला बाहेर कोणालाही द्यायचा नाही.

बिबटेसरांना ही कल्पना फारच आवडली. गवत गटावर देखरेख ठेवण्याचे काम त्यांनी आपण होऊन पत्करले, तेही बिनपगारी.

मध मिळाला, भरपूर मिळाला. माकडांनी सगळा कडा ओरबाडून पाल्याचा डोंगर आणला. तो दवाखान्याच्या कोठारात बंद झाला आणि दारावर 'अभ्याससाहित्य, हात लावू नये' अशी पाटी लागली. मुंगुसराव केंद्रप्रमुख झाले. दर पंधरवड्याला चर्चासत्र होऊ लागले, आणि चर्चासत्राला फराळ.

मला मुंगुसरावांचा राग येतो. बायकोसकट कड्यावरून सोलवटत उतरणारा प्राणी इतक्यात कसा बदलतो? पण मला कधी कोणी मध देऊ केलेला नाही, तेव्हा मी रागावणे सोपे आहे.

पहिला पावसाळा संपला आणि पहिला अहवाल आला. पाला गटातली पाडसे उड्या मारत होती. गवत गटातली पाडसे कमी कमी होत चालली होती. ती कमी का झाली, असे सायाळबाईंनी विचारले. बिबटेसरांनी मिशीवरून जीभ फिरवली आणि सांगितले की काही पाडसांनी अभ्यास अर्धवट सोडला. अहवालात तसा शेरा पडला. मगरताई बराच वेळ रडल्या. बाईंनी सही केली, कारण अहवाल वेळेवर पाठवायचा होता.

गवत गटात ठिपकी नावाच्या हरिणीचे पाडस होते. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरले होते, आणि ठिपकीच्या पाडसाच्या वाट्याला गवत आले होते. ती मुंगुसरावांकडे गेली. तुमच्या एका पाडसाला पाला दिला तर सगळी तुलना बिघडेल, असे त्यांनी तिला सांगितले. या अभ्यासाचा फायदा हरणांच्या पुढच्या पिढ्यांना होणार आहे, हेही सांगितले. पुढची पिढी या पिढीलाच होणार ना, असे ठिपकीने विचारले. तेवढ्यात फराळ आला आणि मुंगुसराव उठले.

मग ठिपकी पाडसाला ढकलत ढकलत उंच खडकावर घेऊन आली. तिच्या गटातली दोन पाडसे त्याच आठवड्यात 'अभ्यास सोडून' गेली होती. आता पाळी कोणाची, हे तिला माहीत होते.

"बाई, मी जन्मले तेव्हा माझी आई अडली होती," ती म्हणाली. "तुम्हीच सोडवलंत तिला."

"हो गं. पाय आधी आला होता तुझा."

"तेव्हा दोन गट केले होते का?"

सायाळबाई नियम सांगू लागल्या. एका पाडसासाठी नियम मोडला तर उद्या सगळ्यांसाठी मोडावा लागेल, आणि हा नियम तर त्यांनी स्वतःच लिहून दिलेला. त्या बोलत होत्या आणि पाडस दमून खाली बसले होते. बसता बसता त्याने दुखरा पाय पुढे केला. आजारी लेकरू डॉक्टरपुढे करते तसा.

बाईंनी तो पाय बघितला. खुरांवर त्यांनी ढीगभर अहवाल वाचले होते, पण सुजलेला खूर बघून त्यांना कितीतरी काळ लोटला होता. खूर चांगलाच चिघळला होता आणि त्यावर वाळलेले गवत नीट, नियमाप्रमाणे बांधलेले होते. बाईंना लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्या खडकावरून उतरल्या. कोठारापाशी गेल्या, पाटी काढली आणि दार उघडले. मूठभर पाला तोंडात घालून चावला. तो इतका कडू होता की त्यांचे सगळे काटे उभे राहिले. पाडसाच्या खुरावरचे गवत सोडून त्यांनी पाला बांधला आणि बाकीचा पाला ठिपकीपुढे ओढून म्हणाल्या, "बघत काय बसलीस? चाव. आणि बाकीच्या आयांना बोलाव."

संध्याकाळपर्यंत कोठार रिकामे झाले. पंधरवडा उलटायच्या आत सगळ्या जंगलात एकही पाडस लंगडत नव्हते. देखरेखीला निघालेल्या बिबटेसरांना भरपूर पळावे लागले आणि ते हात हलवत परत आले.

आता तुम्हाला वाटेल की सायाळबाईंचा पुन्हा सत्कार झाला. लहान आहात, म्हणून वाटते.

दरबार भरला. मुंगुसराव हुंदके देत म्हणाले की माझा गवत गटच नाहीसा झाला, आता मी तुलना कशाशी करू? मगरताईंनी त्यांना साथ दिली. महाराजांनी विचारले की पाडसे बरी झाली का. झाली, असे सगळ्यांनी सांगितले. एकूण एक? एकूण एक. महाराजांचा चेहरा पडला.

"रोगच उरला नाही, महाराज," बिबटेसर गंभीरपणे म्हणाले. "एवढा मोठा विभाग उभा केला, आता त्याने शोधायचं काय?"

अपराध सिद्ध झाला. सायाळबाईंना संचालिकापदावरून काढले. शिक्षा अशी की त्यांनी खाली जावे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत, जन्मभर, रोगी बघावेत. बाईंनी मान खाली घालून शिक्षा ऐकली. दरबारातून त्या निघाल्या त्या जवळजवळ धावतच, कारण खाली एक रानडुक्कर केव्हाचे पोट धरून बसले होते.

त्यांच्या जागी बिबटेसरांची नेमणूक झाली. त्यांनी लगेच नवी योजना जाहीर केली. 'पाडसे आजकाल एवढी का धावतात' हा तिचा विषय आहे आणि तिला महाराजांनी सगळा मध दिला आहे. तपासणीसाठी पाडसांनी एकेकट्याने संचालकांच्या गुहेत यायचे आहे. सोबत आईला आणायचे नाही. ठिपकीच्या पाडसालाही निमंत्रण गेले. निरोप सांगायला माकड तीनदा जाऊन आले, पण त्याला ते पाडस काही गाठता आलेले नाही.

तात्पर्य : मोठे पद मिळाले की रोग बरा कसा करायचा हे ताबडतोब विसरावे. ज्याला ते आठवते, त्याच्यावर पुन्हा रोगी बघायची वेळ येते.