चेअरमनच्या मागची रांग

"या खेपेला अख्खं गाव आपल्या पायांनी तपासणीला येणार! नाही आलं तर बाजारात तोंड दाखवणार नाही!" नालोंगोने मटोक्याच्या, भाजीच्या हिरव्या केळ्यांच्या, घडांवर हात आपटून जाहीर केलं.

जुळ्यांच्या आईला सगळा मुलूख नालोंगोच म्हणतो. जुळी झाली आणि हिचं खरं नाव नवऱ्याच्यासुद्धा डोक्यातून गेलं! गावातलं एचआयव्हीचं समुपदेशन हिच्याकडे. मागच्या खेपेला मसाका शहराहून तपासणीची गाडी आली तेव्हा दोघं आले. एकाचा दात दुखत होता, दुसऱ्याला फुकटात मसाकाला जायचं होतं. गाडीतली नर्स अचेन जाताना म्हणाली, "पुन्हा असंच झालं तर गाडी दुसऱ्या गावाला जाईल हं, नालोंगो."

दोष नालोंगोचा नव्हताच. दोष त्या शहरातून छापून आलेल्या माहितीच्या तक्त्याचा! त्यात सोफा, फरशी आणि टाय लावलेला माणूस. म्हाताऱ्या बघून म्हणाल्या, "हा टायवाल्यांचा रोग दिसतोय. आपल्यात कोण लावतंय टाय?"

मग तिने काद्दू पेंटरला गाठलं. "चादरींवर नवा तक्ता रंगव. माणसं कशी आपल्या गावातली वाटली पाहिजेत!"

"तू फक्त बघ!" काद्दू म्हणाला.

आता काद्दूचं असं होतं, की गावची निवडणूक दरवर्षी जाहीर व्हायची, दरवर्षी पुढे ढकलली जायची, आणि दरवेळी तो चेअरमन सेमाकुलांचं चित्र नव्याने काढायचा. हात इतका बसला होता, की कोंबडी काढायला घेतली तरी हनुवटी चेअरमनची यायची!

रंग वाळला तो थेट तपासणीच्या सकाळी. नालोंगोने पहिली चादर उलगडली आणि किंचाळली, "काद्दू! हे तर चेअरमन!"

"कुठं? कान वेगळे काढलेत की!"

तपासणीला निघालेला नवरा चेअरमन. बोट टोचणारा डॉक्टर चेअरमन. रोजची गोळी घेणारा पेशंट चेअरमन. गरोदर बाईसुद्धा डोक्याला फडकं बांधलेली चेअरमन!

एवढ्यात मैदानात गाडीचा हॉर्न वाजला. करणार काय! त्यातल्या त्यात बरी म्हणून कंडोमचं पाकीट उंच धरलेल्या माणसाची चादर तिने वर घेतली, काठीला बांधली आणि काठी काद्दूच्या हातात दिली.

लांबून मुकासाआजोबा आले. चित्राकडे एकवार बघितलं आणि काद्दूच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे आजी. आजीच्या मागे सगळी भावकी.

"आजोबा, आधी माहिती ऐका तरी!"

"माहिती कशाला, पोरी? आमचं मत ठरलेलं आहे."

नालोंगोने कपाळाला हात लावला. इथे मत देतात ते असंच! मैदानात उमेदवाराचं चित्र धरायचं, ज्याला जो हवा त्याने त्याच्या मागे उभं राहायचं, मग मुंडकी मोजायची. मोटारसायकलवाल्यांनी तेवढ्यात गावभर बोंब ठोकली, "निवडणूक लागली! निवडणूक लागली!"

चेअरमनच्या विरोधात दरवेळी उभा राहणारा गिरणीवाला लुबेगा धापा टाकत आला. हातात स्वतःच्या लग्नाचा फोटो, बायकोची बाजू दुमडलेली. "मला न कळवता निवडणूक? आणि हे चिन्ह कसलं? कंडोम?"

"लोकांना संरक्षण देणार म्हणे!" मागून कुणीतरी ओरडलं. लुबेगाच्या मागेही बघता बघता रांग लागली.

सेमाकुला धावत आले ते गालाला दाढीचा फेस लावूनच. आधी आपली रांग बघितली आणि छाती फुगली. मग चित्रातला आपला हात बघितला. "काद्दू! मी काय धरलंय हे?"

"थांबा, चेअरमन, मी सगळ्यांना खरं सांगते," नालोंगो म्हणाली.

"वेडी आहेस का? माझी रांग मोडेल!"

पण फसवून बोट टोचणाऱ्यातली ती नव्हती. खोक्यावर चढून तिने आवाज लावला, "ही निवडणूक नाही! एचआयव्हीची तपासणी आहे! ज्याला नको असेल त्याने खुशाल घरी जावं!"

एक माणूस हलेल तर शपथ!

"आधी लुबेगाची माणसं जाऊ देत!"

"हॅ! आधी तुमची जाऊ देत!"

मग काय, नालोंगोने जीव तोडून एकेक चादर पुढे घेत सगळं समजावलं. मध्येच आजीने हळूच विचारलं, "आणि निघाला तर गं? मरायचं?"



"माझ्याकडे बघा, आजी," नालोंगो म्हणाली. "जुळी व्हायच्या आधीपासून मी रोज गोळी घेते. मेलेली दिसते का? आणि दोन्ही पोरांना काही नाही. तुमच्या पपया कोण चोरतं वाटतं?"

आजी फस्सकन हसली आणि आजोबांना कोपराने ढकलून पुढे झाली. "टोचा! मी पहिली!"

"माझी रांग पुढे!" सेमाकुला गरजले.

"आमच्या दोन-दोन बोटांना टोचा!" लुबेगा ओरडला.

अचेनचं सामान संपलं, मसाकाहून आणखी मागवावं लागलं. पडद्याआड एकेकाला एकट्याने बोलावून निकाल सांगता सांगता ऊन कललं. तेवढ्यात दोन्ही उमेदवार नालोंगोला येऊन चिकटले. "माझ्याकडचे किती निघाले? आणि त्याच्याकडचे?"

"कुणाचं काय निघालं ते त्याच्यापाशी. तुम्ही चेअरमन असा नाहीतर गव्हर्नर!"

गाडी निघताना अचेन म्हणाली, "पुढच्या महिन्यात पुन्हा इथेच येणार! आणि तो तक्ता मला दे, ऑफिसात दाखवते. एवढी गर्दी कुठल्याच तक्त्याने आणली नव्हती!"

नालोंगो अशी फुगली, की अंगातल्या गोमेसी झग्याचे उभारलेले खांदे कानांना टेकले. समोरून मुकासाआजोबा चालले होते. त्यांना अडवून तिने विचारलं, "खरं सांगा, आजोबा, तक्त्यातलं कुठलं चित्र मनाला भिडलं?"

"चित्र?" आजोबा बुचकळ्यात पडले. "आम्ही सगळे मागं उभे होतो ना, पोरी. दिवसभर काद्दूची पाठ बघितली."

नालोंगोने मैदानाकडे वळून बघितलं. तक्त्याच्या समोर, फणसाखाली, तीन शेळ्या बांधलेल्या होत्या. अख्ख्या गावात तक्ता नीट बघितला तो तेवढा त्यांनीच!