पाठिंब्याचं गाऱ्हाणं

"यंदा सरपंच कोण, तां आपल्या खळ्यात ठरतला," असं कुस्तोदियो मास्तरांनी निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला ठणकावून सांगितलं. रोझाबाई वाळत घातलेल्या बांगडा मासळीवरून कावळे हाकत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मगे खळा सारवून कोण घेतलो? सरपंच?"

मास्तरांचा तोरा अगदीच बिनबुडाचा नव्हता. ग्रामपंचायतीच्या अकरा जागा. पाच देवेशच्या पॅनेलला, पाच काशीरामच्या पॅनेलला, आणि अकरावी, कोणाच्या स्वप्नातही नसलेली, लाल बावट्याच्या पार्वतीला. सरपंच सदस्यांमधूनच निवडायचा होता. म्हणजे पार्वती ज्याच्यासाठी हात वर करील, तो सरपंच. आणि गावात लाल बावट्याचा शब्द म्हणजे मास्तरांचा शब्द.

पार्वती मासळी विकायची. बंदरावरच्या दगडी कट्ट्यावर आधी तिची सासू बसायची, आता ती बसते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना गावातल्या बाकीच्या बायका. ती निवडणुकीला उभी राहिली ती एवढ्याचसाठी, की तो कट्टा जाऊ नये. देवेशला तिथे पर्यटकांच्या गाड्या लावायला जागा हवी होती. काशीरामला तिथे भाच्यासाठी स्कुबाचं ऑफिस थाटायचं होतं. बायकांना उचलून वर तीन रस्त्यांच्या तिठ्यावर नेऊन बसवायचं, याबाबतीत मात्र दोघांचं मनापासून एकमत होतं. तिठ्यावर एसटीसुद्धा नीट थांबत नाही, मग गिऱ्हाईक कुठलं थांबायला!

खरी अडचण वेगळीच होती. लाल बावट्याच्या मतदारांना जिंकायची सवयच नव्हती. हरल्यावर काय करायचं ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. संध्याकाळी मास्तरांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात जमायचं, रोझाबाईंनी केलेला कोरा चहा प्यायचा, मास्तरांनी "लढाई लांबची आसा" म्हणायचं, आणि जेवायच्या वेळेला घरी जायचं. मास्तर तळेऱ्याच्या शाळेत शिकवत होते तेव्हापासून हे चाललं होतं. पुढे मास्तर निवृत्त झाले, त्यांचे केस गेले, चहातली साखर गेली, पण कार्यक्रम तोच राहिला. जिंकल्यावर काय करतात, हे विचारायला गावात कोणी जाणता माणूस नव्हता.

म्हणून बैठका सुरू झाल्या. रोज दुपारी खळ्यात बैठक. दगडापेक्षा वीट मऊ म्हणावं, तर या दोघांतला दगड कोण आणि वीट कोण, यावरच दुपार सरायची. एक म्हणे देवेश बरा, निदान तोंडावर खोटं बोलतो. दुसरा म्हणे काशीराम बरा, तो बोलायलाच येत नाही. देवेशने मास्तरांकडे आंब्याची पेटी पाठवली. मास्तरांनी ती तत्त्व म्हणून परत केली, आणि रोझाबाईंनी तत्त्व म्हणून दोन दिवस अबोला धरला. काशीरामने पार्वतीकडे एक मोठी सुरमई पाठवली. पार्वतीने ती बघताक्षणी ओळखली. सकाळी तिनेच ती त्याच्या भाच्याला विकली होती. तिने ती ठेवून घेतली आणि दुसऱ्यांदा विकली.

मतदार मात्र दमले. निवडणुकीत घरोघर फिरून पाय गेले होते, आता बसून बसून कंबर गेली. भिंतीला टेकून निम्मे जण डुलक्या काढत. "मास्तरानू, कोणाकव देवा पाठिंबो," एक म्हातारी म्हणाली, "पण आमका दुपारची नीज देवा."

शेवटी मास्तरांनी तोडगा काढला. रविवारी दोन्ही पुढाऱ्यांना खळ्यात बोलवायचं आणि सर्वांसमक्ष विचारायचं. कट्टा हलणार नाही, असं जो चारचौघांत कबूल करील, त्याला पाठिंबा. अट एकच, ती मोठ्याने घालायची, आणि ती स्वतः मास्तर घालणार. तीस वर्षं मुलांना ओरडून शिकवलेला आवाज होता तो.

तो आवाज नेमका रविवारी सकाळी बसला. बैठकांनी घशाचं पार भुसकट केलं होतं. रोझाबाईंनी मिठाच्या गुळण्या दिल्या, सुंठ दिली, ओवा दिला. मास्तरांच्या तोंडून हवेशिवाय काही निघेना.

दुपारी खळं भरलं. काशीराम आलाच नाही. देवेश मात्र पांढऱ्याशुभ्र शर्टात, मागे दोन पोरं घेऊन हजर. मास्तरांनी हरिश्चंद्राला बाजूला घेतलं आणि त्याच्या कानात कुजबुजले, "माझ्या बदली तू बोल. दोनच गोष्टी. देवेश पाठिंबो मागता, आणि कट्टो हलता नये. मगे लोकांका इचार."

हरिश्चंद्र म्हणजे मास्तरांचा जुना साथी. सकाळी देवळात, संध्याकाळी लाल बावट्यात, आणि यात काही विसंगत आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. गावचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे. जत्रा असो, होडी पाण्यात लोटायची असो, हरिश्चंद्राने पुढे उभं राहून देवाला सांगायचं आणि मागच्या गावाने दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. काय सांगितलं ते सहसा कोणी ऐकत नाही. त्याचा सूर खाली आला, की गावाचं तोंड आपोआप उघडतं.

बिचाऱ्याने जन्मात भाषण केलं नव्हतं. तो उभा राहिला, समोर एवढी माणसं बघितली, आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां मास्तराच्या खळ्यात जमली हत रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," भिंतीला टेकलेले सगळे झोपेतून म्हणाले.

मास्तर दचकले.

"ह्यो देवेश पाठिंबो मागूक इलो हा, त्येका तो मिळांदे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"हरी, थांब," मास्तर म्हणाले. निघाली नुसती हवा. मग ते दोन्ही हात वर करून नको नको म्हणू लागले. लोकांना वाटलं, मास्तरही पाद्रीबाबासारखा आशीर्वाद देतायत. दारात उभ्या असलेल्या रोझाबाई रोजच्या प्रार्थनेच्या सवयीने "आमेन" म्हणून मोकळ्या झाल्या.

हरिश्चंद्र आता रंगात आला होता. "आणि ह्या पार्वतीच्या कट्ट्याक जो कोण हात लावीत, त्येचो हात थंयच रवांदे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." या खेपेला, हात तिथेच जखडायच्या शापाला, सगळ्यात मोठा आवाज देवेशचा होता. डोळे मिटून, हात जोडून, गावचा सज्जन मुलगा जसा म्हणेल तसा तो म्हणाला. त्याच्या पोरांनी सगळं मोबाईलवर घेतलं, आणि खळ्यातला चहा निवायच्या आत ते गावभर गेलं. 'लाल बावट्याचा देवेशला एकमुखी पाठिंबा.'

बंदरावर फटाके वाजले. काशीराम तरातरा आला. "मास्तरानू, चाळीस वर्सां तत्त्व तत्त्व केलात, आणि शेवटी सौदो देवाच्या नावान?" मास्तरांनी हातवारे करून खुलासा केला. तो काशीरामला शिवीगाळ वाटली. विजयदुर्गाहून जुन्या साथीदाराचा फोन आला, "कुस्तोद, अभिनंदन करूचा की निषेध?" मास्तरांच्या वतीने रोझाबाईंनी सांगून टाकलं, "दोनय करून ठेवा."

इकडे फटाक्यांच्या भरात देवेश जेट्टीवर नाचायला गेला, शेवाळावरून घसरला, आणि उजवा हात मनगटात मोडून घेतला. आनंदाच्या दिवशी असं व्हायचंच म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी पाटीवर खडूने लिहून हरिश्चंद्राला विचारलं, 'हे रद्द कसं करायचं?' हरिश्चंद्राने कानाला हात लावले. "घातलेला गाऱ्हाणा परत घेणत नाय, मास्तरानू. मी लाल बावट्याचो आसंय, पण येडो नसंय." बाकीच्यांना विचारावं, तर त्यांना एकदाचं काहीतरी ठरल्याचाच आनंद झाला होता. जो तो घरी जाऊन झोपला होता.

आणि निवडीच्या दिवशी सकाळी बातमी आली. देवेश आणि काशीराम एक झाले. पार्वतीच्या हाताबरोबर कट्ट्याची अट येत होती, आणि कट्ट्याची जागा तर दोघांनाही हवी होती. देवेश सरपंच, काशीराम उपसरपंच. पाच आणि पाच दहा. पार्वतीचा हात वर असला काय, खाली असला काय, सारखंच.

संध्याकाळी सगळे मुकाट्याने मास्तरांच्या खळ्यात जमले. रोझाबाईंनी न सांगता कोरा चहा ठेवला. खरं सांगायचं तर सगळ्यांना जरा बरंच वाटलं. हे त्यांच्या ओळखीचं होतं. मास्तरांचा घसाही थोडा मोकळा झाला होता. ते उठले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लढाई लांबची आसा."

"तुमची आसात," पार्वती म्हणाली. "माझी कट्ट्याइतकीच आसा. माझा काय ता सांगा."

मास्तर खाली बसले. इतक्या वर्षांत इतक्या वेळा हरून त्यांना एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. मतं गेली तर परत मागता येतात, पण या बाईला उद्या सकाळी टोपली घेऊन कुठे बसायचं, हे त्यांच्या कुठल्याच भाषणात नव्हतं.

नव्या पंचायतीची पहिली ग्रामसभा भरली. सरपंच देवेश हात गळ्यात बांधून खुर्चीवर, शेजारी काशीराम. घरी मालवणी बोलणारा देवेश माईकसमोर शुद्ध बोलू लागला. "पर्यटनवाढीच्या दृष्टीने मासळी विक्रेत्या भगिनींचं तिठ्यावर स्थलांतर करण्याचा ठराव मांडण्यात येत आहे. कोणाची हरकत?"

मास्तर उठायच्या आत पार्वती उठली. तिने भाषण केलं नाही. कमरेचा मोबाईल काढला आणि माईकला लावला. देवेशच्याच पोरांनी काढलेला व्हिडिओ. "...कट्ट्याक जो कोण हात लावीत, त्येचो हात थंयच रवांदे रे म्हाराजा..." आणि मागोमाग, सगळ्यांच्या वर, देवेशचा आवाज.

सभा आधी माईककडे बघत होती. मग हळूहळू देवेशच्या गळ्यातल्या प्लॅस्टरकडे बघू लागली. सगळ्यात शेवटी देवेशनेही प्लॅस्टरकडे बघितलं. काशीरामने आपली खुर्ची वीतभर पलीकडे सरकवली आणि दोन्ही हात खिशात घातले.

"सही कोण करता ठरावार?" पार्वतीने विचारलं. "डाव्या हातान केलात तरी चलात."

आता पंचाईत झाली ती मास्तरांची. हात शेवाळामुळे मोडला, शापाने नव्हे, हे सांगणं त्यांचं कर्तव्य होतं. अंधश्रद्धेवर त्यांनी जिल्हाभर भाषणं दिली होती, आणि आवाज नेमका आज सकाळी खणखणीत परत आला होता. ते उठले. सभा त्यांच्याकडे वळली. देवेशच्या डोळ्यांत तर आशा चमकली. आता मास्तरच आपल्याला विज्ञानाने सोडवतील, असं त्याला वाटलं असावं.

मास्तरांनी पार्वतीकडे पाहिलं. ती मोबाईल छातीशी धरून उभी होती. शेवटच्या रांगेतून हरिश्चंद्र अर्धवट उठून म्हणाला, "कट्टो जागच्या जाग्यार रवांदे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," कुस्तोदियो मास्तर म्हणाले. खणखणीत आवाजात, सगळ्या गावाच्या आधी.

ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. आमच्याकडे पुढची सभा म्हणजे काय, ते गावाला माहीत असतं. बायका टोपल्या घेऊन कट्ट्यावर गेल्या.

घरी येताना वाटेत चर्च दिसलं तशा रोझाबाई म्हणाल्या, "त्या देवाक पाठिंबो दिलात, बरा केलात. आता रविवारी माझ्यावांगडा मिसाक पण येवा. चाळीस वर्सां इगर्जेची पायरी चढलात नाय."

मास्तर म्हणाले, "रोझा, तो बाहेरसून दिलेलो पाठिंबो. सत्तेत आमी जावचंव नाय."