दस्तगीरचाचांचं कोरडं डोकं

कोल्हापुरात जन्मून मिसळीवरचा कट नको म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दस्तगीरचाचा. पहिल्यांदा त्यांच्यासोबत मिसळ खायला गेलो तेव्हा वाढप्यानं लालभडक कटाची पळी उचलली आणि चाचांनी प्लेटवर तळहात आडवा धरला. "कट नगं. आज आक्सिजनचं काम हाय." वाढपी माझ्याकडं बघायला लागला, म्हणजे पावण्यांचं काही बिनसलंय का अशा नजरेनं. मी मान खाली घालून पाव मोडला. मित्राला लाज आणणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

आमचं वर्कशॉप उद्यमनगरात. साखर कारखान्यांच्या टाक्या आणि गुऱ्हाळाच्या काहिली बनवतो. लोखंडाचे जाड पत्रे गॅसनं कापायचे, म्हणून आक्सिजनचे सिलेंडर रांगेनं उभे. सिलेंडरच्या तोंडाशी पितळेचा एक ठोकळा असतो, त्याला दोन घड्याळं आणि मधोमध पिळायचा कान. तो रेग्युलेटर. सिलेंडरातला अफाट दाब अडवून कटरच्या हाताला बेताचा दाब द्यायचा, एवढंच त्याचं काम. आणि त्या रेग्युलेटरांची देखभाल करायची, एवढंच चाचांचं. मी तिथं स्टोअर सांभाळतो. नाव बाळासाहेब, पण आईनंतर या नावानं मला मानानं हाक मारणारे एकटे चाचाच.

चाचा कशाच्याही समोर उभे राहत नाहीत. सिलेंडरचा व्हॉल्व उघडताना रेग्युलेटरच्या तोंडासमोर उभं राहू नये, हे आम्हालाही माहीत आहे. काच फुटली तर तोंडावर येते. पण हा माणूस सोड्याची बाटली उघडतानासुद्धा कुशीला सरकतो. कुकरशी बाजूनं बोलतो. भाचीच्या लग्नाच्या फोटोत सगळं खानदान समोर बघतंय आणि चाचा एकच कान दाखवत आडवे उभे. आमचे मालक अण्णा चिडले की चाचा हळूच त्यांच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभे राहतात. एकदा अण्णा ओरडले, "अरे, माझ्याकडं बघून बोल की!" चाचा शांतपणे म्हणाले, "बोलतो की. काटा जरा खाली येऊ द्या."

त्यांचा मंत्र एकच. "आदी ढिलं, मग खुलं." म्हणजे आधी रेग्युलेटरचा कान पूर्ण ढिला सोडायचा आणि मगच सिलेंडर उघडायचा, तोही हळू. कान आवळलेला ठेवून एकदम उघडलात तर सगळा दाब आतल्या पडद्यावर येऊन आदळतो. हा मंत्र ते सगळ्याला लावतात. माझं बायकोशी वाजलं आणि मी तिला समजवायला निघालो, तर म्हणाले, "बाळासाहेब, आदी ढिलं हुवा. आवळून तोंड उघडू नगा." मी ढिला झालो. भांडण मिटलं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, तिला वाटतंय, हे माझंच डोकं.

एखादा रेग्युलेटर सर्व्हिसला घेतला की चाचांचा सोहळा बघण्यासारखा. सिलेंडर बंद करायचा, नळीतला गॅस सोडायचा, दोन्ही काटे शून्यावर आल्याचं बोट ठेवून बघायचं. मग हात धुवायचे. साबणानं. दोनदा. मग धुतलेलं पांढरं सुती फडकं अंथरायचं आणि त्यावर एकेक भाग मांडायचा, पडदा, जाळी, गॅस अडवणारी बारकी सीट. झिजलेलं असेल ते बदलायचं, घासून चालवायचं नाही. जोडून झालं की सांध्यांना ब्रशनं साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला की परत खोलायचं. आणि शेवटी कान ढिला ठेवून, सिलेंडर उघडून, लहान घड्याळाच्या काट्याकडं बघत बसायचं. तो आपोआप वर रांगायला लागला तर सीट गळतेय. "एक च्या हुईस्तवर काटा हालला न्हाय, तर पोरगी पास."

आणि तेल! तेलाचा थेंब त्या फडक्याच्या दहा हातात येता कामा नये. "दाबातला आक्सिजन आनि तेल भेटलं की काडी लागत न्हाय, बाळासाहेब. आपलं आपन पेटतंय." माझ्या डोक्याला रोज खोबरेल असतं, भरपूर, ही आमच्या घराण्याची चाल आहे. त्यामुळं मला त्या टेबलापाशी प्रवेश नाही. मी दारातून बोलायचं.

आता खरं सांगायचं तर चाचा स्वतःही तेलाचे शौकीन होते. हात कामाला स्वच्छ, पण रविवारी डोक्याला तेल ठरलेलं. चाची स्वतः अर्धा तास मालिश करायची, आणि सोमवारी सकाळी डोकं धुऊनसुद्धा चाचांचे केस चकाकायचे. गेल्या वर्षी चाची तापानं पडली, छातीत पाणी झालं. त्यातून वाचली, पण फुफ्फुस कमजोर झालं. तेव्हापासून चाचा साडेपाचच्या ठोक्याला निघायचे, अण्णा बोलत असले तरी वाक्याच्या मध्यात. चाचीला बरं वाटतंय का, एवढंच आम्ही रोज विचारायचो. "दम लागतोय अजून. बघू," एवढंच ते सांगायचे. त्याच सुमारास त्यांच्या डोक्यावरचं तेल गेलं. केस वाळल्या गवतासारखे दिसायला लागले. आम्हाला वाटलं, म्हातारपणी नियम अजून कडक झाले. मी तर चेष्टाही करायचो. आता आठवलं की जीभ हासडावीशी वाटते.

आणि मग मी तो शहाणपणा केला.

गुऱ्हाळं सुरू व्हायला आठवडा होता. काहिलींची घाई. तेव्हा चालते रेग्युलेटर दोनच. एक चाचांनी सीट बदलायला खोलून ठेवलेला, दुसरा माझ्याकडं स्टोअरात. त्याचा कान फिरवायला जाम. मी म्हटलं, चाचांचं काम हलकं करू. टेबलाच्या खणात माझी खोबरेलची बाटली असते. दोन थेंब कानाच्या आट्यांवर सोडले, फिरवला, लोण्यासारखा फिरला. इतका खूश झालो की पुसून चमकवूनसुद्धा ठेवला.

चाचा घ्यायला आले. रेग्युलेटर उचलला, नाकाशी नेला. डोळे मिटले.

"खोबरेल," ते म्हणाले.

अख्ख्या वर्कशॉपनं माझ्या डोक्याकडं बघितलं.

 चाचांनी रेग्युलेटरला लाल चिंधी बांधली आणि कपाटात कुलपात ठेवला. "ह्यो आता लागत न्हाय. तेल आत कुटंवर गेलंय कुनाला ठावं." पहिल्याची सीट यायला दोन दिवस. म्हणजे दोन दिवस कटिंग बंद. अण्णा आले ते उकळतच. "दोन थेंब तेलानं काय आभाळ कोसळतंय? लावा तो! मी सांगतोय, लावा!"

चाचा त्यांच्या खांद्याशी गेले. "लावा की. उघडा तुमीच. मी बगलंला हुबा ऱ्हातो."

अण्णा त्या कपाटाकडं बघत राहिले. मग आवाज खाली आला. "तेल घातलं कुणी पण?"

 याआधीच दोनदा माझा उद्धार झालेला, तिसऱ्यांदा दार दाखवणार हे नक्की. चाचा म्हणाले, "कान जाम हुता, त्ये मी आदीच बगाय पायजे हुतं. चूक माजी." बस्स. अण्णांनी चाचांना दहा मिनिटं झाडलं. ती दहा मिनिटं माझी होती. मी रॅकमागं उभं राहून नटबोल्ट मोजण्याचं सोंग करत होतो, आणि मला माझीच शिसारी आली.

रविवारी डझनभर केळी घेऊन कळंब्याला त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची म्हणून न्हाऊन, तेल चोपडून, भांग पाडून. चाचांनी दार उघडलं, माझ्या डोक्याकडं बघितलं आणि उंबऱ्याबाहेरच खुर्ची टाकली. "हितं बसा, बाळासाहेब. आत नगा."

मला क्षणभर राग आला. माणूस घरी आलाय आणि दारात बसवतोस? मग आत नजर गेली. चाची खाटेवर बसलेली, नाकाला बारीक नळी. खाटेशेजारी काळा सिलेंडर, पांढऱ्या खांद्याचा, आणि त्यावर आमच्यासारखाच, फक्त बारका रेग्युलेटर. पितळ असं लखलखत होतं की आमच्या वर्कशॉपात एकही तसा नाही. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी आणि ब्रश. चाचा आत गेले, बाजूला उभे राहिले, सांध्याला फेस लावला, खाली वाकून बुडबुडा शोधला. नव्हता. मग काट्याकडं बघत राहिले, एक चहा होईपर्यंत. तो चहा चाचांनी मला दारातच दिला.

"आवो, एक इचारू?" चाचीनं आतून मला हाक मारली. आवाज बारीक, पण ठसका शाबूत. वर्कशॉपला ती शाप म्हणते. "तुमच्या शापात म्हनं डोस्क्याला त्याल लावाय बंदी केलिया? हे सांगत्यात, नवा नियम हाय. सालभर झालं, मला ह्यांच्या डोस्क्याला हात लावू देईनात. मग तुमच्या डोस्क्यावनं ह्यो ओघळ कशाचा वाहतोय?"

मी चाचांकडं बघितलं. ते चाचीच्या मागं उभे होते, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ समोरून बघत होते. असा नियम आमच्याकडं नव्हता. बंदी होती ती या खोलीत. तेल लावायचं म्हणजे तिचे हात तेलकट होणार, आणि ते हात दिवसरात्र त्या नळीपाशी, त्या सिलेंडरपाशी. हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, माझ्यापायी तुमचं डोकं कोरडं. म्हणून या माणसानं सगळा दोष वर्कशॉपवर ढकलला होता.

"बंदी हाय की चाची," मी म्हटलं. "लई कडक. आज रविवार म्हणून चाललंय. उद्या साबणानं धुऊनच जायचं."

"मग ह्यांनी बी रयवारी लावावं की!"

"त्ये... त्ये रेग्युलेटरवाल्यांना रविवारी बी बंदी हाय."

"मेला तुमचा शाप," चाची म्हणाली आणि हसली. हसताना तिला दम लागला. चाचांनी पाठीवर हात ठेवला आणि दम खाली येईपर्यंत तो उचलला नाही. निघताना रस्त्यापर्यंत सोडायला आले. मी माफीचं तोंड उघडलं तर म्हणाले, "त्ये जाऊ द्या. डाक्टर म्हनत्यात, तीन महिनं अशीच सुधारली तर नळी काडू. तेवडं जमाय पायजे बगा. बाकी कायबी मागनं न्हाय."   दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या खणातली बाटली घरी नेऊन बायकोच्या हवाली केली.

ते तीन महिने अख्खं वर्कशॉप चाचीचा श्वास मोजत होतं. अण्णांनासुद्धा मी सगळं सांगून टाकलं, तेलाचे दोन थेंब धरून. ते मला शिव्या देऊन झाल्यावर म्हणाले, "आणि तो गप बसला?" त्यानंतर साडेपाचला चाचा उठले की अण्णा स्वतःच वाक्य अर्धं सोडायचे.

मग एका सोमवारी चाचा आले. डोक्यावर तेल. थोडंथोडकं नाही, कानशिलांवरून ओघळून कॉलर भिजलेली. अख्ख्या शेडमध्ये खोबरेलचा वास. सरळ माझ्या स्टोअरात येऊन स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "शनवारी समदं तपासून ठेवलंय. आज मी कशालाबी हात लावनार न्हाय."

अण्णा धावत आले. "काय झालं रे?"

चाचा उठले आणि अण्णांच्या बरोब्बर समोर जाऊन उभे राहिले. "काल सिलेंडर परत देऊन आलो, अण्णा."

अण्णांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि सोडेचनात. मी चहा सांगितला, मिसळ सांगितली. चाचांनी कट स्वतः मागून घेतला, दोन पळ्या.

"चाचीला काय सांगितलं?" मी विचारलं.

"सांगटलं, शापनं नियम काडून टाकला. बाळासाहेबांनीच काडाय लावला म्हटलं. इचारलं तर व्हय म्हना."

खाऊन झालं तेव्हा त्यांची बोटं कटानं आणि तेलानं माखलेली होती. सवयीनं मी साबणाची वडी आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. चाचांनी बोटं तेवढी धुतली. मग मी डोक्यासाठी टॉवेल दिला, कॉलर तरी पुसा म्हटलं.

त्यांनी तो घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. "ऱ्हाऊ द्या. आज पुसत न्हाय."