सोयीच्या सूर्यास्ताचं बेट

दुःखी माणसाला समुद्रापलीकडे नेल्याशिवाय त्याचं दुःख हलकं होत नाही, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. पूर्वी लोक दुःख घरातच ठेवत. पाहुणे न सांगता येत, पथारी पसरत, आणि दुःखाला बसायला जागा उरत नसे. आता पाहुणे फोन करून येतात (म्हणजे फोन करतात). त्यामुळे घरात जागा भरपूर झाली आणि दुःख पाय पसरून बसू लागलं. त्यावर उपाय असा की त्याला विमानात बसवायचं, एखाद्या उष्ण बेटावर नारळाखाली चार दिवस ठेवायचं, आणि फोटो काढून परत आणायचं.

आमचे आप्पा दिवाळीनंतर गेले. आई निपाणीच्या घरात एकटी राहिली. संक्रांतीच्या सुमारास डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. त्यांनी आधी काट्याकडे बघितलं आणि मग आमच्याकडे. "जेवण लई कमी झालंय यांचं," ते म्हणाले. "चार दिवस कुठंतरी घेऊन जावा की." वस्तुस्थिती अशी होती की आई रोज एक भाकरी करत होती आणि ती दोन्ही वेळांना पुरवत होती. त्यातूनही चतकोर उरला तर तो गाईला. हे आम्हाला शेजारणीकडून कळलं. तेव्हा निष्कर्ष सरळ होता. आईची भाकरी वाढायला हवी असेल तर बेट हवं.

त्यासाठी बेट निवड समिती स्थापन करण्यात आली. अध्यक्षपदी जिनाप्पा काका. हे आप्पांचे धाकटे भाऊ, चिकोडीच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांनी लोकांना "नाळे बन्नी" (म्हणजे उद्या या) इतक्या गोड आवाजात सांगितलं की लोकांना जेवायला बोलावल्यासारखं वाटे. सदस्य म्हणून माझा थोरला भाऊ सन्मती, ज्याला मी अण्णा म्हणते, आणि त्याची बायको ब्राह्मी वहिनी. दोघं बेळगावला असतात. तांत्रिक सल्लागारही वहिनीच, कारण तिच्या फोनवर सगळं लवकर सापडतं. राजाबाई आत्या, आप्पांची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून पलीकडे राहते. तिची नेमणूक कुणी केली नाही. समिती स्थापन झाली तेव्हा ती आधीपासूनच बसलेली होती. सचिव मी, सोनल, मुक्काम कोल्हापूर. माझं वाचन बरं आहे असं घरात मानतात, आणि वाचन बरं असलेल्या माणसाला आमच्याकडे इतिवृत्त लिहायला देतात, म्हणजे त्याचं तोंड बंद राहतं. आई लाभार्थी असल्यामुळे तिला समितीत घेण्याचा प्रश्नच नव्हता. तसा प्रघात कुठेच नाही.

बैठका दर रविवारी आईकडे ठेवल्या. लाभार्थीचं मत विचारता यावं हे एक कारण. जेवण तिथेच होतं, हे दुसरं. बेळगावहून निपाणी सव्वा तास, कोल्हापूरहून पाऊण तास, चिकोडीहून त्याहूनही कमी. आप्पांचं सुतक फिटल्यापासून संक्रांतीपर्यंत हे तिन्ही रस्ते बंद होते, असं आमच्या वागण्यावरून दिसतं. महामार्ग खात्याकडे मात्र तशी नोंद नाही.

बेट या कल्पनेला पहिल्याच बैठकीत सर्वानुमते पाठिंबा मिळाला. सीमाभागातल्या माणसाला बेटाची ओढ असणं स्वाभाविक आहे. बेटाला चारी बाजूंनी सीमा असते आणि कुठल्याही बाजूला दुसरं राज्य नसतं. पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून समुद्र अजून कोर्टात गेलेला नाही.

मग निकष ठरले. इतर घरांत बेट निवडताना वाळू पांढरी आहे का, पाणी निळं आहे का, हे बघतात. आम्ही जैन. आई सूर्यास्तानंतर जेवत नाही, पाणी गाळल्याशिवाय पीत नाही आणि जमिनीखाली वाढलेलं काही खात नाही. (बाकीचे सदस्य हे नियम आईच्या घरात कडक पाळतात.) आप्पांना दुकानातून यायला उशीर व्हायचा. तेव्हा आई दारात उभी राहून मावळतीकडे हात लांब करायची आणि सूर्य किती बोटं उरलाय ते मोजायची. "दोन बोटं हाय, आटपा!" ही हाक बाजारापर्यंत जायची. नवीन आलेल्या भाडेकरूंना ती काहीतरी शपथ घेतेय असं वाटे. तेव्हा पर्यटन कंपन्या ज्या सूर्यास्ताचे फोटो विकतात, त्या सूर्यास्ताची आम्ही फक्त वेळ विचारली.

अंदमान या निकषावर लगेच अडचणीत आलं. तिथं घड्याळ आपलंच आहे, पण सूर्य फार लवकर उरकतो. वहिनीने फोनवर बघून सांगितलं, "साडेपाचच्या आत जेवण व्हायला पाहिजे."

"मग च्या कवा प्यायचा?" आत्याने विचारलं. "ताटातच ओतून घ्यायचा?"

"अंदमानचं घड्याळ पुढं करा म्हणून दिल्लीला लिवावं लागंल," काका म्हणाले.

"लिवा की मग. नोकरीभर दुसरं काय केलंसा?"

"आक्का, उत्तर येईस्तोवर चातुर्मास लागतोय."

चातुर्मासात आई गाव सोडत नाही. अंदमान बाद.

मालदीवचा सूर्यास्त सव्वासहाचा, म्हणजे समाधानकारक. पण तिथल्या खोल्या पाण्यावर बांधलेल्या असतात, असं चित्रांवरून निष्पन्न झालं. रात्रभर आपण वर आणि खाली हजारो जीव, या मांडणीत झोप लागणं अवघड आहे, असं मत आईने पहिल्यांदा नोंदवलं. बालीला चटणीत वाळलेली कोळंबी घालतात, हे वहिनीने शोधून काढलं आणि स्वतःच घाबरली. मॉरिशस जवळजवळ ठरलं होतं. जमिनीवरच्या खोल्या, शाकाहारी जेवण, आणि पिढ्यान्पिढ्या राहणारी मराठी माणसंसुद्धा. आई ताटं उचलता उचलता थांबली.

"मराठी माणसं हायत म्हणजे भेटाय जावं लागणार," ती म्हणाली. "मोकळ्या हातानं कसं जायचं? आणि किती घरं हायत ते तरी कुठं म्हाईत हाय?"

"शिवाय सीमाप्रश्नाचं काय झालं म्हणून इचारतील," काका म्हणाले, आणि गंभीर झाले.

मॉरिशस बाद. "पुढच्या रविवारी बघू या," आई म्हणाली. "मी शेंगोळे करते."

सचिव या नात्याने इथे काही आकडेवारी देणं माझं कर्तव्य आहे. समितीच्या एकूण वेळापैकी नऊ टक्के वेळ बेटांवर खर्च झाला. एकतीस टक्के जेवणावर, आणि अकरा टक्के आदल्या रविवारच्या जेवणावर. आत्याने काकांना बोलण्यात तेरा टक्के, आणि काकांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात तेवढेच. उरलेल्या वेळात आप्पांचा विषय निघे. तोही गमतीनेच निघे: त्यांनी एकदा खताच्या दुकानातून घरी आणलेली पिशवी, आईने मीठ समजून बरणीत भरलेली, वगैरे. पंगतीतली त्यांची जागा कुणी घ्यायची हे कार्यक्रमपत्रिकेवर नव्हतं. तिथे आमटीचं पातेलं ठेवलं जाई. ते सगळ्यांच्या हाताला येत असल्यामुळे ही व्यवस्था सोयीची ठरली.

आणखी एक निरीक्षण. आईच्या हरकती नेमक्या जेवणं झाल्यावर येत, निर्णय अगदी ओठांवर असताना, आणि प्रत्येक हरकतीबरोबर पुढच्या रविवारचा पदार्थ जाहीर होई. मालदीवबरोबर गव्हाची खीर. बालीबरोबर कटाची आमटी. शिवाय रविवारी आई आमच्याबरोबर जेवायला बसे आणि बोलण्याच्या नादात दुसरी भाकरी घेई. सोमवारचं मला माहीत नव्हतं. मी शेजारणीला विचारलं. सोमवारी ती उरलेलं संपवते, म्हणाली, आणि मंगळवारपासून पुढच्या रविवारची तयारी करते. त्यामुळे तिला चव बघावी लागते.

शेवटी लक्षद्वीप उरलं. सूर्यास्त पावणेसातचा, जवळजवळ आपल्यासारखाच. जायला परवाना लागतो, हे कळल्यावर काकांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रक्त दिसलं. "परवाना लागतोय म्हणजे बेट चांगलं असणार," ते म्हणाले. अण्णाला फाल्गुनात चार दिवस रजा मिळाली. त्या रविवारी जेवणं झाली, त्याने फोन हातात घेतला, आमची नावं भरली, आईचं वय विचारलं.

"पाच मिन्टांत बुकिंग होतंय," तो म्हणाला.

"थांब रं जरा," आई म्हणाली. "मला जमायचं न्हाय. माझं व्रत हाय."

"कसलं व्रत?"

"हद्दीचं. ठरवल्यापलीकडं जायचं न्हाय."

असं व्रत आमच्यात आहे. माणूस प्रत्येक दिशेला एक सीमा घालून घेतो आणि तिच्यापलीकडे पाऊल टाकत नाही. वर आणि खाली धरून दिशा दहा होतात.

"कवा घेतलंस गं?" आत्या म्हणाली. "मला बरं कळलं न्हाय."

"बुधवारी. बस्तीत महाराज आलते, त्यांच्याम्होरं." बस्ती म्हणजे आमचं मंदिर.

काका ताठ बसले. "वहिनी, हद्दी सांगा. नोंद करावी लागंल."

आईने पदर सारखा केला. "उत्तरेला कोल्हापूर. दक्षिणेला बेळगाव. पूर्वेला चिकोडी."

"आणि पश्चिमेला?"

"पश्चिमेला आक्कांची गल्ली."

"वर?"

"माडीपर्यंत. शेंगा वाळत घातल्यात."

"खाली?"

"परसातल्या आडापर्यंत."

विमान माडीच्या वरून जातं, याबद्दल दुमत नव्हतं. अण्णा फोनकडे बघत राहिला. आत्या हसायला लागली आणि मध्येच थांबली. "सगळ्या दिशा ज्याच्या त्याच्या उंबऱ्याला न्हेऊन थांबीवल्यास की गं, गुणा," ती म्हणाली. आईचं नाव गुणाबाई. आप्पा गेल्यापासून तिला नावाने हाक मारणारं आत्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

मग काकांनी चष्मा काढला आणि नियमानुसार जे म्हणायला हवं तेच म्हणाले. "प्रवासच होत न्हाय म्हटल्यावर समितीचं काम संपलं."

आईचा हात आमटीच्या पातेल्यावर होता. तो तिथेच राहिला. व्रत घेताना हा मुद्दा तिच्या लक्षात आलेला नव्हता. झाकण घालता घालता ती म्हणाली, "व्हय. संपलंच की आता," आणि वहिनीला विचारलं, डबा देऊ का, उरलंय ते घेऊन जा सगळं.

सचिवाला बोलण्याचा अधिकार नसतो. तरी मी विचारलं, "काका, हे व्रत जन्मभराचं असतं?"

"जन्मभराचं असतंय, तसं मुदतीचंबी असतंय. वहिनी, मुदत किती?"

"चातुर्मास संपंस्तोवर," आई म्हणाली.

"म्हणजे तात्पुरतं," मी म्हणाले. "मग प्रकरण बंद कसं होईल? प्रलंबित राहील. आणि प्रलंबित प्रकरणाचा दर आठवड्याला प्रत्यक्ष जागेवर जाऊन आढावा घ्यावा लागतो ना?"

असा नियम कुठल्याही कचेरीत नाही. प्रलंबित प्रकरणाकडे कुणी बघत नाही, म्हणूनच त्याला प्रलंबित म्हणतात, हे काकांच्या सबंध नोकरीचं सार होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आईच्या हाताकडे. चष्मा परत डोळ्यावर चढवला.

"लागतो," ते म्हणाले.

"मग डबा कशाला भरतीस?" आत्या आईवर खेकसली. "उद्या सकाळी मी येतो जेवाय. आढावा घ्यायला. माझी गल्ली हद्दीत हाय न्हवं?"

तेव्हापासून समितीचं काम विनाखंड चालू आहे. लक्षद्वीपवर उपसमिती नेमली आहे. अण्णाने कॅरिबियन समुद्रातली बेटं विचारार्थ मांडली असून ती संख्येने भरपूर आहेत, ही त्यांच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. वहिनी प्रत्येकाचा सूर्यास्त काढते. मध्यंतरी डॉक्टरांनी आईला पुन्हा काट्यावर उभं केलं. त्यांना फार आनंद झाला. "बघा, हवापालट मानवला," ते म्हणाले. "कुठलं बेट केलंसा?" आईने त्यांना सांगितलं की अजून ठरतंय, आणि त्यांनी काट्याकडे पुन्हा एकदा बघितलं.

हाच प्रश्न वाचकांनाही पडला असणार. कुठलं बेट ठरलं, एवढं कळावं म्हणून तुम्ही इथवर आलात, याची मला जाणीव आहे. तुमच्याही मनात एक बेट असेल. तुमच्याही गावी कुणीतरी आहे, आणि तिला एकदा चार दिवस कुठंतरी निवांत घेऊन जायचं तुमचं कधीचं चाललंय. घाई करू नका. नीट बघून ठरवा, वाळू बघा, पाणी बघा, रजेचं जुळवा. एवढ्या वाचनाच्या वेळात तिला एक फोन झाला असता, असं मी म्हणणार नाही. तो तुम्ही बेट ठरलं की करणारच आहात.