मोजे काढा, बुवा

सोनाई नावाडीण भर पुरात होती. नावेत देवाची मूर्ती, हातातलं वल्हं मोडलेलं, समोर भोवरा. बळवंतरावांनी झांज उचलली, आवाज वर चढवला, "आणि काय सांगू श्रोतेहो," म्हणाले, आणि नेमक्या त्याच क्षणी लॅपटॉपने जाहीर केलं की मीटिंगची फुकटातली वेळ संपली आहे.

स्क्रीन काळी झाली. मार्कहॅमच्या त्या बेसमेंटमध्ये उरले ते बळवंतराव, पेटीच्या साथीला बसलेल्या त्यांच्या पत्नी प्रभाताई आणि कोपऱ्यात घुरघुरणारा, घर ऊबदार ठेवणारा फर्नेस.

"आता फोन येतील बघ," बळवंतराव उपरणं सावरत म्हणाले. "सोनाईचं पुढे काय झालं म्हणून विचारतील."

साताऱ्याचे, पुण्याचे, नागपूरचे मिळून जे काही नातेवाईक ऐकत होते त्यांतल्या एकाचाही फोन आला नाही. साडूंचा मेसेज तेवढा आला. 'कीर्तन छान झालं. शेवट फार आवडला.'

बळवंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पण खरी नोकरी त्यांनी नारदाच्या गादीची केली. गावच्या देवळात उभे राहिले की बायाबापड्या शेंगा निवडणं थांबवायच्या. मुलाकडे, उन्मेषकडे, कॅनडात आल्यापासून मात्र त्यांचं कीर्तन ऐकायला घरात कोणी नव्हतं. उन्मेष आणि सून अनुया सकाळी बाहेर पडत, संध्याकाळी दमून येत, आणि "बाबा, व्हॉल्यूम थोडा लो" एवढाच अभिप्राय देत. सोनाईचं आख्यान बळवंतरावांनी स्वतः रचलेलं होतं. ते एकदा, मरायच्या आधी एकदा, भरल्या सभागृहात करायचं एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांना तिथल्या मराठी मंडळाचा गुढीपाडव्याचा कार्यक्रम हवा होता.

मंडळाचा अध्यक्ष उल्हास मनाने वाईट नव्हता. "काका, प्लीज डोन्ट माइंड," तो म्हणाला होता, "पण लोकांना आता एवढं बसवत नाही. आम्ही फॅशन शो ठेवतोय. दोन तास कीर्तन म्हणजे… ऑडियन्स कुठाय?"

"आणि ऑडियन्स दाखवला तर?"

"तर हॉल तुमचा," उल्हास म्हणाला. कारण त्याला वाटलं, हे काही दाखवत नाहीत.

म्हणून बळवंतराव श्रोते शोधायला इंटरनेटवर निघाले. एका साइटने सांगितलं, आधी फॉलोअर जमवा, मग लाइव्ह या. म्हणजे आधी श्रोते आणा, मग कीर्तन करा. दुसरीने पैसे मागितले. तिसरी मात्र फार अगत्याची निघाली. कॅमेरा असलेल्या कोणीही यावं, वेळेचं बंधन नाही, श्रोते आम्ही देतो, घरबसल्या करिअर घडवा, असं तिने लिहिलं होतं. वय अठरा पूर्ण आहे का, असं विचारलं, चेहऱ्याशेजारी पासपोर्ट धरून फोटो मागितला. बळवंतरावांना ही काटेकोरपणाची रीत आवडली.

"ही जांभळी साइट कसली हो?" प्रभाताईंनी चष्म्यावरून विचारलं.

"कलाकारांची."

"मुलीच दिसतायत सगळ्या. पलंगावर बसलेल्या."

"नृत्यांगना असतील. दमल्या असतील." बळवंतरावांनी पान पुढे सरकवलं. "आणि दुसऱ्याच्या कार्यक्रमात आपण डोकावू नये."

त्या साइटवर नव्या कलाकारांसाठी सल्ल्याचं एक पान होतं. ते वाचताना त्यांचे डोळे भरून आले. रोज ठरल्या वेळेला या. उजेड चेहऱ्यावर ठेवा. आलेल्याला नावाने हाक मारा. आणि सगळं पहिल्याच दिवशी दाखवू नका, थोडं राखून ठेवा, म्हणजे लोक परत येतील.

"अगं, हे तर आमचं शास्त्र आहे," ते म्हणाले. "आमच्या गुरुजींनी शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी, उन्मेष आणि अनुया ऑफिसला गेल्यावर, बुवा उभे राहिले. धोतर, बाराबंदी, उपरणं, पगडी, कपाळाला बुक्का. बाहेर ड्राइव्हवेवर गुडघाभर बर्फ, म्हणून पायात अनुयाने आणलेले जाड लोकरी मोजे. गाणं मराठीत, निरूपण अर्धं इंग्रजीत, असा त्यांनी बेत केला. पूर्वरंग संपत आला तरी समोर चिटपाखरू नव्हतं. मग एक नाव उगवलं. मग आणखी दोन. आणि चॅटमध्ये पहिलं वाक्य आलं: मोजे काढा.

बळवंतराव गाता गाता थांबले. चेहरा उतरला.

"काय झालं?" पेटीवरून प्रभाताईंनी विचारलं.

"चूक झाली. नारदाच्या गादीवर मोजे घालून उभा राहिलो. अनवाणी उभं राहायचं असतं. आणि हे मला कोण सांगतंय बघ, परदेशी माणूस." त्यांनी कॅमेऱ्याला हात जोडले, क्षमा मागितली आणि खाली वाकून मोजे काढले.

टिंग. टिंगटिंग. टिंग. आरतीच्या तबकात नाणी पडावीत तसा लॅपटॉप वाजू लागला. पाठोपाठ दुसरी विनंती आली. पाय जवळून दाखवा.

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं, निदान बळवंतरावांच्या बाजूने नव्हतं. कीर्तन झालं की माणसं बुवांच्या पायावर डोकं ठेवतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. हजारो मैलांवरच्या माणसाला ते कसं जमणार? म्हणून तो बिचारा दर्शन मागतो. त्यांनी पाय धुतले, प्रभाताईंकडून चंदनाचं गंध लावून घेतलं, आणि कॅमेरा एका पाटावर खाली ठेवला. कोणी लिहिलं, बोटं हलवा. बुवांनी अंगठ्याने ठेका धरला, अगदी चोख, समेवर सम गाठत. टिंगटिंग थांबेना.

पंधरवड्यात बुवांचं नाव त्या जांभळ्या पानावर सगळ्यात वर गेलं. ते कलाकारांच्या नेमाने रोज भर दुपारी येत. प्रत्येक श्रोत्याला नावाने हाक मारत. दक्षिणा देणाऱ्याचं नाव, टोपणनाव का असेना, आरतीनंतर पुकारून आशीर्वाद देत. असली असली नावं की प्रभाताईंचा सूर चुकायचा. पण पायांसाठी आलेले लोक हळूहळू वर बघू लागले होते. सस्काटूनजवळच्या खाणीत काम करणाऱ्या गॉर्डन नावाच्या माणसाने एके दिवशी लिहिलं: कॅमेरा पुन्हा वर करा, त्या नाववाल्या बाईचं पुढे काय झालं?

बळवंतरावांनी चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचलं.

"विचारलं गं," ते म्हणाले. "कोणीतरी विचारलं."

त्या आठवड्यात ते ग्रोसरीला गेले असताना प्रभाताईंनी इतर कलाकारांच्या कार्यक्रमांत डोकावून पाहिलं. एक पाहिला, दुसरा पाहिला आणि लॅपटॉप खाडकन मिटला. चहा केला. तो निवत ठेवून बसून राहिल्या. बळवंतराव परत आले ते जिना उतरताना सोनाईचं नवीन पद गुणगुणत. किती दिवसांनी असे गुणगुणत होते. प्रभाताईंनी पहिला घोट घेतला.

"अहो, एक ऐका. पायापर्यंत ठीक आहे. उपरण्याला हात लावायचा नाही, कोणी कितीही आर्जव केलं तरी."

"उपरणं कशाला काढीन मी?"

"थंडी आहे, म्हणून म्हटलं."

मार्च उजाडला आणि मंडळाची बैठक उल्हासच्या घरी भरली. उल्हास, त्याची बायको आणि मंडळाची खजिनदार यामिनी, चिटणीस संजय आणि हॉलचं बघणारा ईश्वर. बळवंतराव आणि प्रभाताई सोफ्यावर, पुढ्यात चिवडा.

"उल्हास, तू ऐकणारे मागितले होतेस," बळवंतराव म्हणाले. "आणलेत. हा लॅपटॉप तुझ्या टीव्हीला जोड. रोज कॅनडाभरातून माणसं येतात, बघ सगळ्यांनी."

चिवड्याचा घास उल्हासच्या घशात अडकला. "नको नको, काका. राहू दे."

"दाखवू दे की," यामिनी म्हणाली. "काका एवढ्या उत्साहाने आलेत."

"अगं, ती साइट बरी नाही."

"कोणती साइट? काकांनी अजून नाव कुठे सांगितलंय?"

उल्हासने संजयकडे पाहिलं. "संजय म्हणत होता."

"मी?" संजय म्हणाला. "मला ईश्वर बोलला. मी कशाला जाईन तिकडे?"

"मी जनरल बोललो," ईश्वर म्हणाला. "असल्या साइटवर व्हायरस असतात. माझा लॅपटॉप रिपेअरला द्यावा लागला, म्हणून माहीत."

यामिनीने तिघांकडे एकेक करून पाहिलं. प्रभाताई बशीतले शेंगदाणे वेगळे करण्यात अगदी गढून गेल्या होत्या.

बळवंतरावांना यातलं एवढंच कळलं की हॉल मिळत नाही. त्यांनी लॅपटॉप परत पिशवीत घातला. चेन लागेना, तरी ते ती ओढत राहिले.

"तुमचं बरोबर असेल," ते म्हणाले. "मला यातलं कळत नाही. साइट चांगली नसेल तर आजच बंद करतो. सोनाईला देतो तिथेच बुडवून. कोणाचं काय अडलंय."

"बुडवून?" उल्हास एकदम उभा राहिला. "काका, असं कसं? परवाच तर ती भोवऱ्यातून बाहेर आलीय. आणि त्या पैलतीरावरच्या कंदिलाचं काय? तो कोणी धरलाय ते तुम्ही सांगितलंच नाही."

एवढं बोलून झाल्यावर तो काय बोलला ते त्याला ऐकू आलं. तो हळूच खाली बसला.

"मला वाटतं तिचा नवरा असेल," संजय पुटपुटला.

"नवरा मेलाय," ईश्वर म्हणाला. "आख्यानाच्या सुरुवातीलाच आलं होतं."

यामिनीने पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे ऐकणारे आहेत. मग पाडव्याला काकांचं कीर्तन, दोन तास, मेन हॉल. कंदिलाचं काय ते तिथेच कळेल. कोणाला काही बोलायचंय?"

कोणालाही काही बोलायचं नव्हतं. कोणाला पुढचे बरेच दिवस काही बोलायचं नव्हतं.

पाडव्याला मंडळाच्या मेन हॉलमध्ये, म्हणजे एका शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या खांबाला गुढी बांधली होती. बाहेर भुरभुर बर्फ पडत होता आणि आत खुर्च्या पुरेनात. मंडळाचे पुरुष एरवी पार्किंगमध्ये रेंगाळायचे, ते आज पहिल्या रांगांत येऊन बसलेले. त्यांच्या बायकांना याचं नवल वाटत होतं. सगळ्यांत मध्ये उंचापुरा, लाल दाढीचा गॉर्डन, बुवांच्या आमंत्रणावरून सस्काटूनहून विमानाने आलेला, मांडी घालायचा प्रयत्न करत होता.

बळवंतराव उभे राहिले आणि पहिल्या ओळीतच हॉल त्यांचा झाला. सोनाई पैलतीराला लागली. कंदील तिच्या थकलेल्या सासूने धरलेला होता, दोन रात्री, न बसता. तेव्हा ईश्वर उघड रडला, आणि अनुयाने रेकॉर्डिंग करायचं सोडून फोन खाली ठेवला. आरतीचं तबक फिरून आलं. घामाने भिजलेल्या बुवांनी डोळे मिटले. आता काही झालं तरी चालेल, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात गॉर्डनने माइक मागितला.

"मी त्या साइटवर गेलो होतो ते दुसऱ्याच कामासाठी," तो इंग्रजीत म्हणाला, आणि पहिल्या तीन रांगांनी जमिनीकडे पाहिलं. "राहिलो ते या गोष्टीसाठी. पण गाणं मला कळत नव्हतं. मार्कहॅमचा एक माणूस मला मेसेजमध्ये एकेका ओळीचा अर्थ लिहून पाठवायचा. मला त्याचे आभार मानायचेत. तिकडे तो मेपलभुंगा नावाने येतो. तो इथे आहे का?"

उल्हासचा चेहरा गुढीच्या खणासारखा लालभडक झाला. तो संजयच्या कानाशी लागला, पण घाबरलेल्या माणसाची कुजबुज नेहमीपेक्षा मोठी होते. "नाव माझं आहे रे, पण मी एक अक्षर लिहिलेलं नाही."

"मी लिहिलंय," शेजारच्या खुर्चीतून यामिनी उठली.

"तू?" आता कुजबुजही राहिली नव्हती. "तू त्या साइटवर काय करत होतीस?"

"तुम्हाला शोधायला आले होते. लॉगआउट कधी करता तुम्ही? तुमच्या ऑफिसच्या दिवशी मी ऐकते, वर्क फ्रॉम होमच्या दिवशी तुम्ही. तुम्ही काय ऐकलंत ते आधी सांगा, मग मी सांगते."

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि हसण्याची लाट पुढे येऊ लागली.

बळवंतराव मात्र गहिवरले होते. त्यांनी दोन्ही हात उंचावले.

"मंडळी, हसू नका," ते म्हणाले. "आजच्या काळात नवरा-बायको एकाच खात्यावर, आळीपाळीने, एकमेकांना न सांगता कीर्तन ऐकतात. असा संसार मी तरी पाहिला नाही. या, दोघं पुढे या. जोडीने नमस्कार करा."

यामिनी सरळ चालत आली. उल्हास तिच्या मागून आला आणि बुवांच्या पायाशी वाकला, तो बराच वेळ वर आलाच नाही. भक्तीच एवढी, असं बळवंतरावांना वाटलं. प्रभाताईंनी पदराचं टोक दातांत धरलं, पेटीचा भाता ओढला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून सूर दिला.