माझं नाक आणि चार झाकलेल्या बाटल्या

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक टेबल समोर आणा. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार बाटल्या आहेत. त्यांच्यापुढे एक म्हातारा बसलाय, लग्नात वरबापाने बसावं तसा. छातीवर बिल्ला लावलाय, ‘परीक्षक’. दिसला? तो मी. आता डोळे उघडा, कारण पुढचं सांगताना मलाच मिटून घ्यावेसे वाटतात.

मी मोहोपाड्याच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. ‘आपली ज्ञानेंद्रिये’ हा धडा तर असा रंगवायचो की मुलं डबा उघडायच्या आधीच शेजाऱ्याची भाजी ओळखत. तेव्हा चव आणि वास या विषयात रायगड जिल्ह्यात माझ्या वर कोणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

माझा विद्यार्थी हरेश लोधिवलीला वडिलांच्या भाताच्या कोठारात वाइन करतो. द्राक्षं नाशिककडून आणतो. पहिली वाइन तयार झाली तेव्हा तो पेढे घेऊन घरी आला.

“दोन जातींची काळी द्राक्षं हायेत सर. दोन्ही एकाच वर्षीच्या तोडणीची. वेगवेगळी मुरवली, मग मिसळली. रविवारी छाया येतेय चाखायला.”

छायाही माझीच विद्यार्थिनी, हरेशच्या वर्गातली. आता कर्जतकडच्या एका रिसॉर्टची खरेदी बघते.

“तिला पटली तर वर्षभर तिथं माझीच वाइन,” हरेश म्हणाला. “नाय पटली तर टाक्या विकायच्या आणि कोठारात पुन्हा भात.”

“म्हणजे परीक्षाच की. परीक्षक कोण?”

“परीक्षक असा कोण नाय सर. छाया चाखंल आणि सांगंल.”

“असं कसं चालेल? मी येतो.”

हरेश पेढ्यांच्या खोक्याचं झाकण उघडझाप करत राहिला. भारावला असेल, असं मला वाटलं.

आतून आमच्या इंदूबाई म्हणाल्या, “अहो, तुम्हाला आमटीतलं मीठ विसरलेलं कळत नाही.”

“चव वेगळी, परीक्षण वेगळं,” मी म्हणालो.

रविवारी नात ऋतिकाला बरोबर घेतलं. पोरीला शास्त्र कळावं, हा हेतू. इंदूबाईंनी पिशवीत जांभळाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, दिला. मला मधुमेह आहे. जेवणाआधी रोज तो आंबट शिरका घ्यायचा, असा त्यांचा दंडक. हरेशने मागे दिलेली वाइनची रिकामी काळी बाटली धुऊन त्यांनी तो भरून ठेवलाय. इतकी चांगली काच फेकवत नाही कुणाला आपल्याकडे.

कोठारात पोचल्यावर मी आधी एक चमचा शिरका घेतला, तोंड वाकडं केलं आणि बाटली तशीच उघडी टेबलावर ठेवली. तिथे हरेशच्या तीन बाटल्या बुचं काढून ठेवल्याच होत्या. एक त्याची स्वतःची, दोन तुलनेसाठी बाहेरून आणलेल्या. तो छायाला आणायला फाटकाकडे गेला, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला.

“ऋतिका, लेबल बघून कधी मत बनवायचं नाही. टेबलावरच्या सगळ्या बाटल्या गुंडाळ आणि नंबर घाल.”

“सगळ्या?”

“एकदा सांगितलं ना? सगळ्या.”

पोरगी आज्ञाधारक. आमच्याच घरची.

दोघं आत आले. हरेशला चार बाटल्या दिसल्या. चौथी छायाने आणली असेल, असं त्याला वाटलं. छायाला वाटलं, चारही त्यानेच मांडल्यात. मी बिल्ला सरळ करण्यात गुंतलो होतो.

“सर, पेला पांढऱ्या कापडापुढे धरून रंग बघायचा,” हरेश म्हणाला. “मग वास. मग घोट तोंडात घोळवून या बादलीत थुंकायचा.”

“थुंकायचं? वर्गात थुंकणाऱ्याला मी मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो.”

“मारल्यात सर,” छाया म्हणाली.

तेव्हा मी गिळत गेलो. ऋतिकाला मात्र फक्त लांबून वास. दुसऱ्या पेल्यापर्यंत माझे कान गरम झाले आणि जीभ सैल सुटली.

“एक नंबर कोरडी आहे. खडू चाटल्यासारखी. दोन जाती एकत्र आल्यात, पण रुसलेल्या व्याह्यांसारख्या पाठ करून बसल्यात.”

हरेश खोकला.

“दोन नंबर म्हणजे पावसाळ्यात न वाळलेला गणवेश.”

मग तीन नंबर. नाक झणझणलं, डोळ्यांत पाणी आलं, शेंडीपासून टाचेपर्यंत शहारा गेला. आणि काय सांगू, रोज भेटणारा मित्र जत्रेत भेटावा तसं वाटलं.

“वा! हिच्यात ऊन आहे, माती आहे. त्या एका वर्षाची सगळी कहाणी आहे.”

छायाने घोट घेतला. तिचा चेहरा कडुलिंब खाल्ल्यासारखा झाला. “सर, जरा जास्तच झोंबत नाही का?”

“झोंबत नाही. स्पष्टवक्ती आहे.”

चार नंबरला मी नुसतं “ठीक” म्हटलं.

छायाने हरेशकडे बघितलं. “तुझी कोणती रं?”

“एक नंबर,” हरेश पायांकडे बघत म्हणाला. स्वतःची वाइन त्याने वासावरूनच ओळखली होती. खडूवाली.

छायाने पेला खाली ठेवला. “मग काय करू? सर तीन नंबर म्हणतात. कुणाची हाय ती?”

“तू आणलीस ना?”

“मी? मी कशाला आणू?”

ऋतिकाने वर्गात करतात तसा हात वर केला. “आजोबा, ती आजीची. तुम्हीच म्हणालात, सगळ्या गुंडाळ.”

हरेशने कागद फाडला, वास घेतला आणि तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. रडतोय की काय म्हणून मी घाबरलो. तो हसत होता. छाया तर टेबलाला धरून हसत होती.

मला हसू आलं नाही. माझ्या मधुमेहाच्या औषधाला मी पहिला नंबर दिला होता आणि पोराच्या वर्षभराच्या कष्टाला खडू म्हणालो होतो.

“हरेश,” मी म्हणालो, “वाइनमधलं मला काही कळत नाही. हे पेढे खातानाच सांगायला हवं होतं.”

छायाने एक नंबर पुन्हा ओतून घेतली, शांतपणे घोळवली, बादलीत थुंकली. “ही मला पहिल्या घोटालाच आवडली होती सर. पण तुमी समोर. तुमचं उत्तर चुकलं म्हणायची आमाला सवयच नाय.” मग ती हरेशकडे वळली. “पुढच्या महिन्यापासून पाठव.”

नाकाने आणि जिभेने ओळखायला मी या दोघांना शिकवलं होतं. ‘सर, तुमचं चुकलं’ एवढं म्हणायला शिकवायचं तेवढं राहून गेलं. मी मान खाली घालून बसलो. छातीवर तो बिल्ला चमकत होताच.

ऋतिका उठली. उरलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा तिने नीट फाडला, माझ्या बिल्ल्यावर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि स्केचपेनने त्यावर ठळक नंबर घातला, पाच.